काउंटरवरचे निळे बेअरिंग

माझा उजवा हात कापतो. चहाची बशी धरताना कापतो, बँकेत सही करताना कापतो, आणि औषधाची गोळी पाकिटातून काढताना तर असा कापतो की गोळी जमिनीवर पडते व सून ती उचलून देते. हे मी कोणापासून लपवलेले नाही. परंतु हातात पाना आला आणि पान्याचा जबडा नटावर बसला की हाच हात स्थिर होतो. का होतो ते डॉक्टरांना सांगता आले नाही, मलाही सांगता येत नाही. होतो, एवढे खरे. जळगावपासून धुळ्यापर्यंत जे लोक सांगत फिरतात की एका लग्नाच्या गाडीचे पुढचे चाक माझ्या कापऱ्या हातामुळे जाम झाले, त्यांच्यापैकी बहुतेकांनी मला काम करताना कधी पाहिलेले नाही. ज्या दोघांनी पाहिले आहे त्यांतला एक माझा मुलगा आणि दुसरा धुळ्याचा एक गॅरेजवाला. खरे काय ते दोघांनाही ठाऊक आहे आणि दोघेही दुसरेच सांगतात. म्हणून हे लिहिणे भाग पडले.

गाडी जळगावच्या एका शेठजींची. त्यांच्या घराण्यातले कोणीतरी फार पूर्वी राजस्थानातून इकडे आले, आजोबांनी कापसाच्या व्यापारात बस्तान बसवले आणि ही गाडी घेतली. जाड पत्र्याची, गोल पाठीची, पुढच्या चाकांनाही ड्रम ब्रेक असलेली. तिच्या पुढच्या अ‍ॅक्सलचे काम आजोबांच्या काळापासून माझ्याकडेच. शेठजींच्या मुलाचे लग्न धुळ्याला ठरले तेव्हा त्यांनी जाहीर केले की नवरदेव पणजोबांच्या गाडीतूनच जाईल. लग्नाच्या महिनाभर आधी गाडी माझ्या वर्कशॉपमध्ये आली.

वर्कशॉप आता माझे म्हणणेही चूक आहे. पुढचा सगळा भाग मुलाचा. तिथे गाडीला वायर जोडतात आणि पडद्यावर आजार वाचतात. मागच्या बाजूला निंबाखाली माझा जॅक, माझे टेबल आणि माझी पान्यांची पेटी. जुन्या गाड्या मुलगा माझ्याकडे पाठवतो. मधले काही दिवस तेवढे सोडून.

मी दोन्ही पुढची चाके उतरवली. ज्या खुंटीवर चाक डावी-उजवीकडे वळते त्या किंगपिनचे बुश बदलले. बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन प्रत्येक रोलर उजेडात फिरवून पाहिला, नवे ग्रीस तळहाताने दाबून भरले. मग मधला नट आवळला. हा नट आवळण्याची एक रीत आहे आणि ती ज्याला येत नाही त्याने पुढच्या चाकाला हात लावू नये. चाक हाताने फिरवत ठेवायचे, फिरता फिरता नट घट्ट करायचा, चाक जड झाले की थांबायचे, नट एक खाच मागे आणायचा आणि पिन घालून तिची टोके वाकवायची. मग चाक वर आणि खाली धरून हलवायचे. खट् आवाज आला तर नट सैल आहे. चाक स्वतःच्या वजनाने फिरले नाही तर तो घट्ट आहे. मी हे दोन्ही चाकांना केले. दोनदा केले. पिन घालताना हात कापला नाही.

लग्नाच्या सकाळी गाडी फुलांनी मढवून निघाली. आमंत्रण मला होते, पण जेवणावळी आता सोसत नाहीत म्हणून मी घरीच राहिलो. एरंडोल गेले, पारोळा गेले. पारोळ्यात गर्दी होती, ब्रेक बराच वापरावा लागला. गावाच्या पुढे गेल्यावर पुढच्या उजव्या चाकातून धूर निघाला, गाडी उजवीकडे ओढू लागली आणि चाक जाम झाले. कोणाला काही लागले नाही. नवरदेव मामाच्या गाडीत बसून धुळ्याला पोहोचला आणि मुहूर्त साधला. पणजोबांची गाडी मागाहून धुळ्याच्या गॅरेजवाल्याकडे गेली. त्याने चाक उघडले, बेअरिंग निळे पडलेले पाहिले आणि मांडवात येऊन शेठजींना सांगितले, "नट जास्त आवळलाय. म्हातारा माणूस, हात कापतो, अंदाज चुकला."

मांडवात पाचशे माणसे. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट जळगावला आली, ती माझ्या आधी माझ्या मुलाला कळली.

तिसऱ्या दिवशी सकाळी निंबाखाली गेलो तर पान्यांची पेटी जागेवर नव्हती.

"पेटी कुठे आहे?" मी विचारले.

"वर ठेवली आहे, आबा. माळ्यावर." मुलगा मोबाइलमध्ये बघत बोलला. "थोडे दिवस आराम करा. ब्रेकचं काम आता इथं दुसरे करतील."

"नट मी जास्त आवळलेला नाही."

"मी कुठं म्हटलं तुम्ही मुद्दाम केलं? वय झालंय. होतं असं. शेठजीही काही मनात ठेवून नाहीत."

"मनात ठेवायला त्यांना काय आहे? चूक माझी असती तर मी स्वतः जाऊन सांगितली असती."

"आबा, लोक माझं तोंड बघून गाडी देतात. ब्रेक म्हणजे जिवाचा प्रश्न. मी काय सांगू त्यांना?"

यावर माझ्याकडे उत्तर होते, पण ते शिवीचे होते म्हणून दिले नाही. एवढे मात्र सांगतो की राग आला तो आरोपाचा नव्हे, क्षमेचा. माझा मुलगा मला गावभर क्षमा करत फिरत होता. जे मी केले नव्हते त्याबद्दल, आणि मला न विचारता.

दुपारी, गाडी धुळ्यातच ठेवून परतलेला शेठजींचा ड्रायव्हर माझ्याकडून नेलेला जॅकचा दांडा परत द्यायला आला. अमळनेरकडचा जुना माणूस, बोलतो ते अहिराणीतच. दांडा ठेवून तो खाली मान घालून उभा राहिला.

"बठ्ठा म्हनतस की आबाना हात कापस," तो म्हणाला.

"तू काय म्हणतोस?"

"मी काय म्हनू? माले इतलंच माहीत शे. गाडी घंटाभर उभी ऱ्हायनी, थंडी व्हयनी, मंग चाक आपोआप फिरू लागनं. त्यामुयेच तर धुळापावत उनी."

मी त्याला बसायला सांगितले आणि तेच वाक्य पुन्हा म्हणून घेतले. तासभर उभी राहिली, थंड झाली, मग चाक आपोआप फिरले, म्हणूनच गाडी धुळ्यापर्यंत आली. जास्त आवळलेल्या नटाने जळालेले बेअरिंग थंड झाले म्हणून मोकळे होत नाही. जाम झालेले चाक जर स्वतःहून सुटले, तर त्याला बेअरिंगने नव्हे, ब्रेकने धरून ठेवले होते. लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, ड्रमला चिकटून राहिले, ड्रम तापला, ड्रमची उष्णता चाकाच्या मधल्या हबमध्ये गेली आणि बेअरिंग तिथे बसल्या जागी भाजले. निळे बेअरिंग गुन्हेगार नव्हते, ते मारले गेलेले होते. धुळ्याच्या शहाण्याने प्रेत पाहून त्यालाच खुनी ठरवले होते.

मी मुलाला सांगितले की मला धुळ्याला जायचे आहे. तो नेणार नसेल तर मी एसटीने जाईन. एसटीत पडलो-बिडलो तर लोक त्यालाच नावे ठेवतील, हे त्याच्या चेहऱ्यावर मला वाचता आले. दुसऱ्या दिवशी तो स्वतः गाडी घेऊन निघाला. ड्रायव्हरलाही बरोबर घेतले. 

धुळ्याच्या त्या गॅरेजात काउंटरवर स्टीलच्या ताटलीत ते बेअरिंग ठेवले होते. प्रसादासारखे. समोर तीन-चार गिऱ्हाइके उभी होती आणि गॅरेजवाला, पन्नाशीचा, पांढऱ्या शर्टातला माणूस, त्यांना काहीतरी समजावत होता. मला पाहून तो हात जोडत पुढे आला.

"या आबा, या! तुमचीच आठवण काढत होतो. खुर्ची आणा रे कुणी. आबांना फार वेळ उभं राहवत नसेल."

"खुर्ची गिऱ्हाइकांना द्या, भाऊ. तुमची गोष्ट लांबलचक आहे, ऐकता ऐकता त्यांचे पाय दुखतील."

कोणीतरी हसले. त्याने ताटली माझ्यापुढे सरकवली. "हे बघा. तुम्हीच सांगा. निळं आहे की नाही?"

"निळं आहे ते मला दिसतंय. कशानं झालं ते विचारायला आलोय."

"नटानं. आणखी कशानं?"

मी बेअरिंग उचलले. हात कापत होता. सगळ्यांनी पाहिले, गॅरेजवाल्याने तर वळून मुलाकडेही पाहिले. मी एक रोलर त्याच्यासमोर धरला. "नट जास्त आवळला की रोलरचं जाड टोक घासतं, तिथं ओरखडे पडतात. एक ओरखडा दाखवा."

त्याने चष्मा लावला, काढला. "ग्रीस जळालंय ना, त्यामुळं दिसत नाहीत."

"पुसा आणि दाखवा."

त्याने पुसले. ओरखडा नव्हता. रोलर टोकापासून टोकापर्यंत एकसारखे निळे होते, तव्यावर ठेवल्यासारखे. मग मी त्याला विचारले की त्याने गाडीचे काय केले. नवे बेअरिंग घातले, लायनर थोडे मोकळे केले, फिरवून आणली, अगदी ठणठणीत आहे, असे तो म्हणाला. लग्नानंतर आईसह धुळ्यातच थांबलेले शेठजी दुपारी याच गाडीने परत जाणार होते.

लायनर मोकळे केले! ताप आलेल्या माणसाच्या अंगावरून थर्मामीटर काढून घ्यावे आणि ताप उतरला म्हणावे, तसला हा प्रकार. लायनर ड्रमपासून लांब ठेवले की काही दिवस ते चिकटत नाहीत, आजार मात्र आत तसाच राहतो. मी म्हणालो, "गाडी जॅकवर घ्या. आणि एक पाना द्या. माझे माळ्यावर आहेत."

मुलाने खाली पाहिले.

उजवे चाक अधांतरी झाले. मी खाली पोत्यावर बसलो, लायनर ड्रमला जेमतेम टेकेपर्यंत पुढे आणले आणि एक घर मागे घेतले, जसे मी जळगावला ठेवले होते तसे. चाक मोकळे फिरत होते. ड्रायव्हरला आत बसवून ब्रेक दहा-बारा वेळा जोरात दाबायला लावला, मग पाय काढायला सांगितला.

"आता फिरवा," मी गॅरेजवाल्याला म्हणालो.

त्याने चाकाला हात घातला. हलले नाही. दोन्ही हात घातले. शेवटी पाय लावला.

"काय भाऊ, नट घट्ट आहे का?" मी विचारले. "हा तर तुम्ही आवळलाय."

गिऱ्हाइके आता काउंटर सोडून गाडीभोवती आली होती. गॅरेजवाल्याचा चेहरा उतरला, पण तो अडाणी नव्हे. हे मी मान्य करतो. तो म्हणाला, "मग मास्टर सिलिंडर. वरून तेल परत येत नसेल."

"तपासू या."

पुढच्या चाकाचा ब्रेक तेलाच्या दाबाने लागतो. मास्टर सिलिंडरपासून लोखंडी नळी येते, आणि चाक वळते म्हणून शेवटचा वीतभर भाग रबराचा असतो. त्याला होस पाइप म्हणतात. मी लोखंडी नळी आणि होस पाइप यांच्यातला जोड पान्याने सैल केला. दोष मास्टर सिलिंडरचा असता तर अडकलेले तेल इथूनच सुटून चाक मोकळे झाले असते. चार थेंब पडले. चाक तसेच. जोड पुन्हा आवळून मी चाकामागची तेल सोडायची निप्पल सैल केली. तेलाची पिचकारी उडून गॅरेजवाल्याच्या पांढऱ्या शर्टावर गेली आणि चाक हलकेच फिरले.

"दोघांच्या मध्ये काय आहे?" मी विचारले.

 मी होस पाइप काढला आणि ब्लेडने उभा चिरला. आतले रबर सुजून भिंतीला भिंत भिडली होती. मधून सुईएवढी वाट उरली होती. पायाने दाबलेले तेल जोराने त्यातून पुढे जाई, पण लायनर मागे खेचणाऱ्या स्प्रिंगच्या बेताच्या ओढीने परत येऊ शकत नसे. आपल्याकडे दसऱ्याच्या पूजेला गाडी खालूनही चमकावी म्हणून डिझेल आणि जळके ऑइल एकत्र करून तिच्या पोटाखाली फवारतात. वर्षानुवर्षे फवारतात. ड्रायव्हरने हे दर दसऱ्याला भक्तिभावाने केले होते, आणि रबराने ते ऑइल दर दसऱ्याला पिऊन घेतले होते.

माझी बाजू इथे सिद्ध झाली. मी तिथेच पाना खाली ठेवून निघालो असतो तर ही हकिकत लिहिण्याची गरजच नव्हती. पण गॅरेजवाल्याने चिरलेला होस पाइप हातात घेतला, बोटांनी दाबला आणि मान वर न करता विचारले, "आबा, हा बाहेरूनही मऊ लागतोय. गाडी महिनाभर तुमच्याकडे होती. तुमच्या हाताला लागला नाही?"

प्रश्न बरोबर होता. त्या माणसाने आयुष्यात विचारलेला बहुधा एकमेव बरोबर प्रश्न.

माझ्या आधी माझा मुलगा बोलला. "त्यांना आता बोटांना तेवढं कळत नाही, भाऊ. नजरही कमी झालीय. सोडा ना."

"कळलं होतं," मी म्हणालो. "महिन्याभरापूर्वीच. पिकत आलेल्या केळासारखा मऊ होता. मी बदलला नाही."



खुलासा आवश्यक आहे. आम्ही ज्या काळात शिकलो त्या काळात एका होस पाइपासाठी मुंबईला चिठ्ठी जाई आणि पार्सल रेल्वेने येई तोवर गाडी उभी राही. त्यामुळे मूळ पार्ट जोवर चालतो तोवर काढायचा नाही, ही आमची रीत झाली, आणि त्या रीतीवर माझे नाव झाले. आता बाजारात जे होस पाइप मिळतात त्यांचे तोंड नीट दाबलेले नसते, असेही माझे मत आहे. ही दोन कारणे मी त्या दिवशी धुळ्यात सांगितली. तिसरे सांगितले नाही. ते इथे लिहितो. चाके उतरवली त्याच्या आदल्या दिवशी मुलगा निंबाखाली आला होता आणि म्हणाला होता, "आबा, जुनी गाडी आहे, रबर तेवढं सगळं नवं घाला." नवा होस पाइपही त्याने आणून टेबलावर ठेवला होता. मी तो उचलून मुलाच्या बाजूच्या कपाटात परत ठेवला. मऊ होस पाइप बोटांत धरून मी क्षणभर थांबलो होतो, आणि मुलाने सांगितले आहे एवढ्याच कारणाने तो जागेवर राहू दिला.

तेव्हा चूक माझी होती. ती हाताची नव्हती, नजरेची नव्हती, वयाची तर मुळीच नव्हती. पंचविसाव्या वर्षीही मी हीच चूक केली असती. लोकांनी माझ्या नावावर चूक घालावी, पण जी मी केली ती घालावी.

धुळ्यात नवा होस पाइप मी स्वतः बसवला. गॅरेजवाला देत होता तो नको म्हणालो. मुलाने डिकीतून एक पुडके काढून दिले. तोच होता, कपाटातला. जोड आवळताना हात कापला नाही, आणि या वेळी गॅरेजवाला व मुलगा दोघेही दोन फुटांवरून पाहत होते. नळीतली हवा काढली, ब्रेक वीस वेळा दाबला, वीस वेळा चाक सुटले. गॅरेजवाल्याने ताटलीतले बेअरिंग उचलून खिशात घातले. "आबा, चहा घ्या," तो म्हणाला. मी घेतला नाही.

शेठजी आईला घेऊन त्याच गाडीने निघाले, आम्ही मागे. पारोळ्याला मी गाडी थांबवायला लावली, उतरलो आणि उजव्या चाकाच्या हबवर तळहात ठेवला. कोमट. डाव्यावर ठेवला. तेवढेच कोमट. शेठजी काचेतून म्हणाले, "आबा, आता या वयात कशाला एवढं वाकता?" त्यांना धुळ्यात काय घडले ते सांगून झाले होते. तरी ते आजही मांडवातलीच गोष्ट सांगतात; ती सांगायला सोपी आहे. धुळ्याचा गॅरेजवाला आता सांगतो की होस पाइपाची शंका पहिल्यांदा त्यालाच आली होती. मुलगा लोकांना सांगतो की आबांच्या नजरेतून सुटले. "सुटले नव्हते" असे मी त्याच्यासमोर चार गिऱ्हाइकांना सांगितले, तर तो मला म्हणाला, "आबा, दिसलं नाही म्हटलं तर लोक गाडी देतील. दिसूनही सोडलं म्हटलं तर कोण देईल?" हेही उत्तर, दुर्दैवाने, चुकीचे नाही. तरीही ते खोटे आहे.

पेटी त्याने दुसऱ्याच दिवशी माळ्यावरून उतरवली. जागेवर ठेवताना म्हणाला, "एकच अट. रबर मी म्हणेन तेव्हा बदलायचं." मी होकार दिला नाही. नकारही दिला नाही. चिरलेला होस पाइप मी निंबाच्या बुंध्याला खिळ्यावर टांगला आहे. ज्याला माझ्या हाताविषयी बोलायचे असेल त्याने आधी तो पाहून जावे.

गेल्या आठवड्यात जामनेरची एक जुनी गाडी आली. मी पुढची चाके उतरवली, दोन्ही होस पाइप बोटांनी दाबून पाहिले. टणक होते, अजून दोन वर्षे सहज गेले असते. मुलगा मागे येऊन उभा राहिला.

"बदला, आबा," तो म्हणाला.

मी बदलले. गरज नव्हती, असे माझे आजही मत आहे.